एक की सात

आमच्या ग्राबोवाकमध्ये साठीच्या पुढचा माणूस तोंड भरून हसला, तर ते हसू बहुधा देसोकाकांनी घडवलेलं असतं. त्यांचं पूर्ण नाव देसिमिर, पण ते फक्त दारावरच्या पाटीवर. चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या. गावात कुठेही कोणी हसलं की काका बोलणं थांबवायचे, मान तिरपी करायचे आणि वरची ओळ नीट बसली आहे की नाही ते बघायचे. मयताला गेले तरी बघायचे.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी पेर्सिदामावशींना मागणी घातली. पेर्सिदामावशींचं बाजारचौकात लोकर आणि बटणांचं दुकान आहे. त्यांचे दोन नवरे वारले. पहिला रेल्वेत होता, दुसरा मधमाश्या पाळायचा. त्यामुळे गावात त्यांच्याबद्दल आदर होता, पण तिसरा म्हणून पुढे यायला कोणी धजत नव्हतं. काका धजले. मावशींनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. अट एकच घातली. पहिल्या लग्नात गावात गाडीच नव्हती, दुसऱ्यात होती ती चर्चच्या चढावर बंद पडली. दोन्ही वेळेला त्या नवरीच्या वेषात, चिखलातून, पायी गेल्या. या खेपेला आपल्याला नीट गाडीत बसवून न्यायचं. गाडी साधी नको, आणि वाटेत उतरायला लागणारी नको.

काकांनी ही अट फारच मनावर घेतली. ते आपल्या ग्वोझ्देनला घेऊन स्वित्झर्लंडला गेले. ग्वोझ्देन हा त्यांचा कूम, म्हणजे पहिल्या लग्नातला साक्षीदार आणि मुलीचा धर्मपिता. आमच्यात भाऊ भांडला तर चालतो, कूमशी भांडून चालत नाही. ग्वोझ्देनने जर्मनीत अठरा वर्षं फरशा बसवल्या होत्या, त्यामुळे त्याला जर्मन येते असं गाव मानत होतं आणि तोही मानत होता.

दहा दिवसांनी दोघं परतले ते एका ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून. ट्रकवर ताडपत्रीखाली एक काळी, लांबलचक गाडी होती. हालबाख कंपनीची, सत्तावन्न सालची. ही कंपनी बंद पडूनही आता पन्नास वर्षं झाली असतील. गाडी एका शेतकऱ्याच्या गवताच्या कोठारात होती. तो शेतकरी काय म्हणाला ते काका येईल त्याला सांगत होते. तो म्हणाला होता, “आमच्या भागातले मोठमोठे लोक हिच्यातूनच गेले. महापौर गेले, बँकेचे मालक गेले. आणि एकानेही कधी तक्रार केली नाही.”

हे भाषांतर ग्वोझ्देनचं होतं, हे इथे सांगून ठेवतो.

आता यात माझा संबंध कुठे आला? मी तिहोमिर. गावाबाहेरच्या वाहन तपासणी केंद्रात सव्वीस वर्षं आहे. गाडी बाहेरून आणली की तिच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे की नाही हे मी बघतो, आणि त्या नंबरावरून गाडी कोणत्या सालची, कोणत्या प्रकारची ते नोंदीत लिहितो. हल्लीच्या गाड्यांना सतरा अक्षरं असतात, यंत्रात घातली की यंत्रच सगळं सांगतं. जुन्या गाड्यांचं तसं नाही. तेव्हा प्रत्येक कारखाना आपल्या मनाने आकडे ठोकायचा. त्यांचा अर्थ लावायचा तर त्या कारखान्याचा कोणी जुना माणूस शोधावा लागतो, नाहीतर त्या गाडीचे वेडे शोधावे लागतात. वेडे जास्त सापडतात.

सोमवारी सकाळी काका गाडी घेऊन आले. मी आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. गाडी देखणी होती यात शंका नाही. मागच्या काचांना जांभळे पडदे होते आणि काचेवर ताडाची पानं कोरलेली होती. मागे एक बाकडं होतं, पण ते नंतर कोणीतरी सुताराकडून करून घेतलेलं दिसत होतं. बाकड्याखाली फरशीवर दोन लोखंडी पट्ट्या होत्या आणि त्यांत पितळी चाकं फिरत होती.

मी विचारलं, हे कशाला?

“सामान सरकवायला,” काका म्हणाले. “मोठी माणसं. पेट्या असतील, ट्रंका असतील. वाकायचं नाही, नुसतं ढकलायचं.”

मी गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरलो. नंबर उजव्या पुढच्या चाकाच्या आत, सांगाड्याच्या कडेवर असतो. तिथे रंगाचे पाच थर होते आणि त्यावर स्विस शेणाचा सहावा. रॉकेल, तारेचा ब्रश आणि दोन तास असा हिशेब झाला. मग आकडे दिसायला लागले. पहिले पाच आणि सात, म्हणजे साल. मग एल हे अक्षर. मग एक आकडा. मग शून्य तीन चार दोन, म्हणजे गाडीचा क्रमांक. सगळं स्वच्छ होतं, फक्त एलनंतरचा तो एक आकडा सोडून.

आमच्याकडे, म्हणजे या सगळ्या देशांमध्ये, एक लिहिताना उभ्या काठीला वर डावीकडे लांब नाक काढायची पद्धत आहे. मग तो सातासारखा दिसतो. म्हणून साताच्या पोटातून एक आडवी रेघ मारतात. रेघ असेल तर सात, नसेल तर एक. इथे नाक होतं. आडवी रेघ मात्र बरोबर गंजात आली होती. स्वित्झर्लंडहून आलेला कागद काढला, तर तो हाताने लिहिलेला, आणि नेमकी त्या आकड्यावरून कागदाची घडी गेलेली.

“एक आहे,” काका वरून म्हणाले. त्यांनी अजून वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, काका, मला सात वाटतो. पण वाटून उपयोग नाही, अर्थ कळायला हवा. मग मी ऑस्ट्रियातल्या हालबाखवेड्यांच्या मंडळाला ई-मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. जुन्या कारखान्याचा एक तक्ता आला होता, जर्मनमध्ये. एल एक, समोर एक शब्द. एल दोन, एक शब्द. असं करत एल सात, समोर एक लांबलचक शब्द. एल एकसमोरचा शब्द मलाही कळला, लिमुझिन. बाकीच्यांसाठी ग्वोझ्देनला बोलावलं.

ग्वोझ्देन आला, चष्मा लावला, तक्त्यावरून बोट खाली आणलं आणि सातापाशी थांबला. मग त्याने चष्मा काढून पुसला.

“लांब पल्ल्याची गाडी,” तो म्हणाला.

मी म्हटलं, बघा काका, म्हणजे एक काय नि सात काय, दोन्ही चांगलंच आहे. काका खूश झाले आणि रकिया, म्हणजे आमची फळांची दारू, आणायला गेले. ते दाराबाहेर पडल्यावर ग्वोझ्देनने माझी बाही धरली.

“तिहोमिर, तो सात असेल ना, तर तो एक करून टाक.”

“का?”

“पल्ला फार लांबचा आहे. तिथून परत येत नाहीत.”

मी तक्ता परत हातात घेतला. त्या लांब शब्दातलं एक अक्षरही मला कळत नव्हतं, पण ताडाची पानं, जांभळे पडदे आणि ती पितळी चाकं एकदम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. महापौर गेले, बँकेचे मालक गेले. तक्रार कोण करणार होतं?

“तुला तिथेच कळलं नाही?” मी विचारलं.

ग्वोझ्देनने खाली बघत सांगितलं की त्याला थोडी शंका आली होती. पण कूम गाडीच्या दारावरून हात फिरवत होता, नऊ वर्षांत त्याला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं, आणि शेतकऱ्याचं बोलणं शब्दाला शब्द लावून सांगितलं तर ते खोटंही नव्हतं.

काका बाटली घेऊन आले तेव्हा आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. कवळ्या करणाऱ्या माणसाला तोंड वाचता येतं. त्यांनी बाटली ठेवली आणि विचारलं. मी सांगितलं. कूमने सांगायला हवं होतं, पण तो पुन्हा चष्माच पुसत होता.

काका रागावले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, म्हणजे सगळं त्या एका रेघेवर आहे. आणि रेघ नाहीच आहे. तो एक आहे. मी म्हटलं, काका, अंदाजाने मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, अंदाज कोण म्हणतंय, मी चाळीस वर्षं माणसांच्या तोंडात जे डोळ्याला दिसत नाही त्याचे ठसे घेतले आहेत, तुझ्या लोखंडाचा घेता येत नाही का?

बुधवारी ते आपली जुनी बॅग घेऊन आले. कपडे बदलून, पांढरा कोट घालून. रबरी वाडग्यात त्यांनी ठशाची गुलाबी पूड पाण्यात कालवली. दंतवैद्य घट्ट चावायला सांगून आपल्या तोंडात भरतात ना, तीच. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते खड्ड्यात उतरले, चाकाच्या आत उताणे शिरले आणि मऊ ब्रशने तो आकडा इतक्या हळुवारपणे साफ केला की गाडीला दुखेल असं वाटत होतं. मग लगदा थापला, अंगठ्याने दाबून धरला आणि तीन मिनिटं घड्याळाकडे बघत राहिले. सवयीने “हलू नका” असंही म्हणाले.

ठसा निघाला. त्यात त्यांनी प्लास्टर ओतलं. ते सुकेपर्यंत आम्ही तिघं कॉफी पीत बसलो, आणि काका सांगत होते की पेर्सिदाला निळा रंग आवडतो, म्हणून पडदे निळे करायचे आहेत. मग त्यांनी गुलाबी रबर अलगद सोलून काढलं.

पांढऱ्याशुभ्र प्लास्टरवर आकडा उठून दिसत होता. गंजाने खाल्लेलंसुद्धा त्या ठशात उतरलं होतं. आडवी रेघ होती. बारीक, जरा वाकडी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत.

काकांनी भिंग लावलं. ठसा उलटसुलट फिरवून पाहिला, उन्हात धरला. मग म्हणाले, “ठसा मात्र उत्तम आलाय.” आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दोन नवऱ्यांना पोचवून आलेल्या बाईला तिसऱ्या लग्नात आपण शववाहिनीत बसवायचं, यापेक्षा पायी चिखलातून नेलेलं बरं. लग्न शनिवारी होतं. मी म्हणालो, नोंद सोमवारी करतो, तोवर कोणाला कळायचं कारण नाही. ग्वोझ्देनने आईच्या थडग्याची शपथ घेतली. मीसुद्धा कोणाला सांगितलं नाही, फक्त रात्री जेवताना स्मिल्काला सांगितलं, आणि बायको म्हणजे काही कोणीतरी नव्हे.

गुरुवारी सकाळी बेकरीत मला एका माणसाने विचारलं की ती गाडी लग्नानंतर काका परत देणार की जवळ ठेवणार, कारण वयाचा विचार करता ठेवलेली बरी. पोस्टातल्या बाईने विचारलं की आडवं व्हायला जागा पुरेल का. मी घरी फोन केला. स्मिल्का म्हणाली, तिने फक्त बहिणीला सांगितलं.

अकरा वाजता पेर्सिदामावशी केंद्रावर आल्या. दुकान बंद करून, हातात पर्स, पायात चांगले बूट. मी उठून उभा राहिलो. त्या बसल्या नाहीत.

“तो ठसा कुठाय?”

टेबलावरच होता. त्यांनी तो उचलला, नाकाजवळ धरून पाहिला, आणि त्यांच्या लोकरीच्या सुयांवरचे बारीक नंबर वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना भिंगसुद्धा लागलं नाही.

“सातच आहे,” त्या म्हणाल्या. “आता गाडी दाखव.”

मी गाडी बाहेर काढली. त्यांनी मागचं दार उघडलं, वाकून पट्ट्या पाहिल्या, एक पितळी चाक बोटाने फिरवलं. मग दार लावून पुढे आल्या आणि पुढच्या सीटवर बसून पाहिलं. तेवढ्यात फाटकातून काका आले. त्यांना कोणीतरी कळवलं असावं. धावत आले होते, कोटाची बटणं चुकीच्या काजात गेली होती. मी निघून जायला हवं होतं, पण किल्ल्या माझ्या हातात होत्या.

काका बोलायला लागले. शेतकरी, भाषांतर, घडी, गंज, सगळं एकात एक. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं.

“देसिमिर, तुला कधी कळलं?”

“काल. दुपारी.”

“आणि मला आज बेकरीत कळलं. गाडीचं मला काही नाही. काल दुपारपासून तू गप्प बसलास, याचं आहे. दोन नवऱ्यांनी मला काही सांगितलं नाही. एकाने छातीत दुखतंय ते सांगितलं नाही, दुसऱ्याने गोळ्या बंद केल्या ते. तू पण तसलाच असशील तर आत्ताच सांग.”

काकांनी कोटाचं एक बटण काढून बरोबर काजात घातलं. मग ते म्हणाले, “मला गुडघा दुखतो. डावा. आणि बटाटे खाऊ नको म्हणून डॉक्टरने सांगितलंय, पण मी खातो.”

“अजून?”

“वरचे दात माझे नाहीत.”

“ते सगळ्या गावाला माहितीय,” मावशी म्हणाल्या. मग त्यांनी गाडीच्या पुढच्या काचेवरून बोट फिरवलं आणि धूळ बघितली. “असल्या गाडीच्या मागून मी दोनदा चालत गेले आहे. पुढे बसायला कोणी विचारलं नव्हतं. पडदे तेवढे काढ. आणि गाडी धुवून घे, शेणाचा वास येतोय.”

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि उगाचच खड्ड्यात उतरलो.

शनिवारी लग्न झालं. आमच्या रीतीप्रमाणे गाडीच्या आरशांना पांढरे टॉवेल आणि रोझमेरीच्या काड्या बांधल्या होत्या. मागच्या बाकड्यावर ग्वोझ्देन बसला होता. त्याला मावशींनी शिक्षा म्हणून तिथे बसवलं होतं. गाडी ताशी वीसच्या पुढे जाईना. काका म्हणाले इंजिन थंड आहे, पण मला वाटतं तिला तेवढाच वेग माहीत होता. पुढे तुताऱ्यांचं बँडपथक. आमच्याकडे लग्नाला आणि मयताला तेच पथक असतं, आणि गाडीकडे बघून पुढचा तुतारीवाला पहिल्या दोन ओळी चुकीच्याच वाजवून गेला. मग ढोलकऱ्याने त्याला कोपर मारलं.

रस्त्यावरची माणसं हसायला म्हणून जमली होती. पण ती काळी गाडी संथपणे वळणावर आली की हात आपोआप टोप्यांकडे जात होते. गाव बातमी ऐकून तयार होतं, हात तयार नव्हते. बायकांनी तीन बोटं जुळवून क्रूस काढले आणि मग एकमेकींकडे बघून रुमालात तोंड लपवलं. मावशी मात्र दोन्ही बाजूंना मान लववत होत्या, महापौराच्या बायकोसारख्या. चर्चचा चढ आला. सगळे श्वास रोखून उभे. गाडी चढली. थांबली नाही, कुरकुरली नाही.

स्टेशनजवळ राहणारे एक आजोबा, ज्यांना ऐकू कमी येतं, ते चौकातून मागे मागे चालत आले होते. चर्चमध्ये मेणबत्ती लावली, मग मंडपात बसून त्यांनी कोबीच्या पानात गुंडाळलेला सार्मा खाल्ला, भाजलेलं डुक्कर खाल्लं, आणि निघताना काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, “धीर धरा. फार चांगली होती हो.” काकांनी त्यांना केक बांधून दिला.

सोमवारी मला नोंद करायची होती. मी खरं तेच लिहिलं. प्रकार, शववाहिनी. वरच्या कचेरीतून कागद परत आला. शववाहिनी खाजगी माणसाच्या नावावर कशी, असा प्रश्न होता. मी बाकड्याबद्दल लिहिलं. पुन्हा परत आला. तिसऱ्या खेपेला कोणीतरी कंटाळून शेरा मारला, “बदल केलेले वाहन. जिवंत प्रवाशांस योग्य.” तो शेरा आजही त्यांच्या कागदावर आहे. माझ्या सव्वीस वर्षांत असा दुसऱ्या कुठल्याही गाडीवर पाहिला नाही, आणि खरं म्हणजे तो सगळ्यांवरच हवा.

पुढच्या वसंतात पेर्सिदामावशी गाडी चालवायला शिकल्या. चौसष्टाव्या वर्षी, त्याच गाडीवर. काकांचा गुडघा क्लच दाबू देत नव्हता. परीक्षा घेणाऱ्याने त्यांना गाडी उलटी घ्यायला सांगितली, तेव्हा त्यांनी त्याला खाली उतरून मागे उभं राहायला लावलं आणि हातवारे करायला सांगितलं. तो उतरला. पास झाल्या.

उन्हाळ्यात दोघं शेजारच्या देशातल्या ओह्रिदच्या तळ्यावर गेले. परत आल्यावर मी स्मिल्कासाठी बटणं घ्यायला दुकानात गेलो, तेव्हा मावशींनी सांगितलं. सीमेवर पोलिसाने कागद बघितला, त्यातला ‘शववाहिनी’ एवढा एकच शब्द वाचला, आणि खिडकीशी वाकून हळू आवाजात विचारलं की दिवंगत कोण आहेत. काका शेजारच्या सीटवर मान मागे टाकून झोपले होते. उकाड्यामुळे वरचे दात काढून रुमालात ठेवलेले, तोंड उघडं.

“मग?” मी विचारलं.

“मी काही बोलायच्या आतच त्याने टोपी काढली,” मावशी म्हणाल्या आणि माझी बटणं मोजून पुडीत घातली. “रांगेतून आम्हाला पुढे काढून दिलं. पुढच्या पंपावर याला जाग आली, आणि विचारतो काय, तर कॉफी कुठे मिळेल?”